वाढत्या अंगाची सायकल

शिवाजी पेठेत माप घेण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि मी माप घेऊन आणलेल्या सायकलीवर बसू शकणारंही घरात कुणी नव्हतं.

धंदा शिंपीकाम. अख्खी पेठ बेलबॉटम घालून रस्ते झाडत फिरायची, त्या काळातली ही गोष्ट. पोरांचे कपडे शिवताना माझा एकच नियम असायचा : वाढत्या अंगाचं शिवायचं! पहिलीतल्या पोराची चड्डी तिसरीपर्यंत पुरली पाहिजे. फ्रॉकला आतून चांगला चार बोटं दाब ठेवायचा, पोरगी वाढली की उसवून सोडायचा. आईबाप खूश. पोरगं तेवढं दोन वर्षं चड्डी धरून पळायचं. (पळायला पाय लागतात, हात लागत नाहीत, असं माझं मत.)

त्या वर्षी आमची शालन चौथी पास झाली आणि तिनं गावाच्या पार पलीकडच्या टोकाच्या हायस्कूलचा ध्यास घेतला. शेजारची रेहाना तिथं जाणार होती. शाळेला मोठं मैदान होतं, खो-खोचा संघ होता. शालन रात्री झोपेतसुद्धा "खो!" म्हणून ओरडायची आणि शेजारी झोपलेल्या मला ढोसायची.

पण घरात शेवटचा शब्द आमच्या मंडळींचा.

"एवढ्या लांब रोज सोडाय कोण जाणार?" ती म्हणाली. "शाळा सुरू व्हायच्या आत पोरीला सायकल चालवाय आली तर तिकडं. न्हाईतर गल्लीतली शाळा हाय की! घंटा ऐकून घरातनं निघालं तरी पोचतंय."

"आबा," शालननं माझा सदरा धरला, "मला गल्लीतल्या शाळंत न्हाई जायाचं ओ! तितं अंगणात चिंचंचं झाड हाय, खो-खो कुठं खेळायचा?"

"तू काळजी करू नगंस," मी म्हणालो. "तुझा बाप बसलाय की हितं!"

रेहानाचे वडील दस्तगीरभाई यांचंच सायकलींचं दुकान होतं. आम्ही गेलो. त्यांनी बारक्या चाकांची एक लाल सायकल पुढं काढली. शालन टुणकन तिच्यावर बसली, दोन्ही पाय जमिनीला टेकले. पोरीचा चेहरा असा फुलला की मलासुद्धा क्षणभर वाटलं, घ्यावी. पण धंदा आडवा आला! मी गळ्यातली टेप काढली, शालनला सरळ उभी केली आणि कमरेपासून टाचेपर्यंत माप घ्यायला लागलो.

"मास्तर, सायकल हाय ती, परकर न्हवं!" दस्तगीरभाई म्हणाले.

"माप त्ये माप! ही आत्ताच बरोबर बसतीया. म्हंजे पुढच्या वर्षाला आखूड होणार की!"

"पर पोरीचं पाय टेकाय नगंत?"

"आज टेकून काय करायचंय? वाढत्या अंगाची पोरगी हाय. थोडी सैल बघून द्या."

इतकी वर्षं सायकली विकल्या, पण सैल सायकल मागणारं गिऱ्हाईक त्यांना पहिल्यांदाच भेटलं असावं.  मग त्यांची नजर मागच्या भिंतीकडं गेली. तिथं पूर्ण मापाची एक काळी लेडीज सायकल धूळ खात उभी होती. ती एका उंचापुऱ्या मास्तरीणबाईंनी मागवली होती, आणि सायकल यायच्या आधीच त्यांची बदली झाली होती.

"तुमचं बी बराबर हाय, मास्तर," दस्तगीरभाईंचं मत एकदम पालटलं. "ही घ्या. ही कधीच आखूड व्हायची न्हाई!"

मी सायकल ढकलत वाजतगाजत घरी आणली. (वाजत म्हणजे घंटी मीच वाजवत होतो.) मंडळी दारात आली.

"ही कुणाला?"

"कुणाला म्हंजे? शालनला!"

"आणि शालन कुठाय?"

"मी हितं हाय!" सायकलीच्या पलीकडनं आवाज आला.

सीट पार खाली बसवली. शालनला ओट्यावर चढवून तिथनं सीटवर ठेवली. पाय हवेत! खुंटीला अडकवलेल्या विजारीसारखे लोंबत होते नुसते. पण मी काय कच्च्या गुरूचा चेला? दुकानात दोऱ्याची रिकामी लाकडी रिळं ढिगानं पडलेली असायची. ती मी पायडलांवर नाड्यांनी आवळून बांधली, वर चिंध्यांची गादी केली. आता शालनचे चवडे कसेबसे टेकायला लागले.

"बघा! फिटिंग!" मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणालो.

"आणि उतरायचं कसं?" मंडळींनी विचारलं.

बाईमाणसाला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय असते, म्हणून मी तिकडं लक्ष दिलं नाही. चूक झाली.

रविवारी सकाळी शिकवणी सुरू झाली. मी मागनं कॅरिअर धरून पळतोय, शालन वर बसून हँडल धरतेय. मला स्वतःला सायकल येत नव्हती, पण न घालता मी बायकांचे ब्लाउज शिवत होतोच की! दोन फेऱ्यांत पोरीला तोल सापडला. मला आनंदाचं भरतं आलं आणि त्या भरात मी टाळ्या वाजवल्या. दोन्ही हातांनी.

गल्लीचा पुढचा रस्ता उताराचा. उतार संपला की मैदान. आणि मैदानावर त्या दिवशी आमच्या पेठेच्या फुटबॉल संघाची दुसऱ्या पेठेबरोबर मॅच!

"आबाऽऽ! धरा की!"

"ब्रेक दाब, ब्रेक!"

"हात पोचत न्हाई ओऽऽ!"

(ब्रेकचं माप घ्यायचं राहून गेलं होतं.)

मी पळतोय, गळ्यातली टेप मागं उडतेय, आणि पुढं शालन घंटी वाजवत थेट मैदानात. प्रेक्षकांनी वाट दिली, खेळाडूंनी वाट दिली, एक म्हातारं तर नमस्कार करून बाजूला झालं. आमच्या संघाचा सेंटर फॉरवर्ड बंडा मोठा चपळ गडी. तो चेंडू सोडून सायकलीमागं सुटला. धरलीच असती त्यानं! पण संघाच्या नव्या चड्ड्या माझ्याच हातच्या होत्या. पोरं अजून वाढतील म्हणून मी जरा ऐसपैस शिवल्या होत्या. बंडानं हँडलकडं हात नेला की चड्डी खाली यायची, चड्डी धरली की हँडल पुढं जायचं. शेवटी अब्रू का शालन, असा प्रश्न आला आणि त्यानं अब्रू राखली.

गोलकीपरनं सायकल बघितली आणि तो खांबाच्या बाहेर उडी मारून मोकळा झाला. सायकल जाळीत! शालन जाळीत! आणि काठावरनं गर्जना उठली, "गोऽऽल!"

मी धापा टाकत पोचलो. शालनला खरचटलंसुद्धा नव्हतं, जाळीत बसून ती डोळे मिचकावत होती. माझा जीव भांड्यात पडला. तिला सोडवायला कुणी यावं, तर तिकडं वेगळंच भांडण पेटलेलं!

"गोल झाला! आमच्या पेठंची पोरगी हाय!" आमचे लोक ओरडत होते.

"चेंडू कुठाय पर? चेंडू तिकडं पडलाय!" समोरचे.

"आत गेलं का न्हाई त्ये बोला!"

बिचाऱ्या पंचानं जोरात शिट्टी मारली आणि "ऑफसाइड!" म्हणून सांगितलं. मग दोन्ही पेठा मिळून त्याच्या अंगावर गेल्या. तेवढ्यात गर्दीतनं आमची मंडळी आली आणि मैदान चिडीचूप झालं. तिनं जाळी वर उचलली, पोरीला बाहेर काढली, चाचपून बघितली आणि निकाल दिला.

"गल्लीतली शाळा. बास."

शालन मैदानात रडली नव्हती, पण आता जी रडायला लागली ती संध्याकाळपर्यंत थांबेना.

"मला सायकल येती आबा! उतराय तेवढं येत न्हाई! आता रेहाना एकटी जाणार..."

 पोरीची सगळी हौस मी माझ्या हुशारीपायी मातीत घातली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मान खाली घालून दस्तगीरभाईंकडं गेलो, सायकल बदलून मागितली.

"आता कोण घेतंय ती, मास्तर?" ते म्हणाले. "साऱ्या पेठंनं जाळीत बघितलीया!"

घरी परतलो तर दारात सायकल नाही.  धावत कोपऱ्यापर्यंत गेलो आणि बघतो तर समोरनं शालन येतेय! सीटवर बसलीच नव्हती. रिळं काढून टाकलेली, दोन्ही पायडलांवर ताठ उभी, आणि सीट तिच्या मागं मोकळी. शेजारनं रेहाना आपल्या बारक्या सायकलीवरनं हुकूम सोडत होती.

"सीट कशाला पायजे? उभ्यानंच मार की! हां, आता हात वर सरकीव, ब्रेक घावंल. दाब! आता टाक खाली उडी!"

शालननं दाराशी ब्रेक दाबला, टुणकन उतरली आणि आईकडं बघत उभी राहिली. मंडळींनी तिला तीनदा कोपऱ्यापर्यंत पाठवली. शेवटच्या वेळी मंडळी स्वतः मुद्दाम सायकलीच्या आडवी गेली. शालन ऐटीत थांबली.

"बरं," मंडळी म्हणाली. "जा तुझ्या त्या हायस्कुलात."

पोरीनं असा आरडाओरडा केला की पलीकडच्या गल्लीतली माणसं विचारायला आली. मी लगेच छाती काढून ओट्यावर उभा राहिलो.

"बघितलं का? सगळं ठरवून आणल्याली सायकल हाय! थोडी वाढली की बसंल सीटवर."

शाळेच्या पहिल्या दिवशी शालन उभ्यानं निघाली. सीटवर दप्तर बसवलेलं, महाराणीसारखं. पुढं ती खो-खोच्या संघात गेली, संघाची कप्तान झाली. दर जूनला मी टेप घेऊन तिला सीटशेजारी उभी करायचो आणि म्हणायचो, "यंदा नक्की!" सातवी गेली, आठवी गेली. रेहाना दोन सायकली बदलून ताडमाड झाली. आमची शालन दहावीच्या परीक्षेलासुद्धा उभ्यानंच गेली. सीटचं कव्हर अजून करकरीत होतं.

"असं कसं झालं?" त्या दिवशी मी टेप हातात धरून विचार करत बसलो. "माप तर बराबर घेतलंतं. दाब बी ठेवलाता. पोरगी वाढाय पायजे होती!"

मंडळी भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला.

"अवं, वाढत्या अंगाचं म्हणून आणलासा, पर अंग कुणावर जाणार त्ये तरी बघायचं!"

आणि तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं. फार वेळ लागला नाही.