शोभेचं पोलाद

वरसे गावात आमच्या आळीच्या मंडळाचे अध्यक्ष प्लॉट विकतात. भाताच्या खाचरासमोर गिऱ्हाइकाला उभं करून त्याला तिथे बाग, मंदिर आणि घसरगुंडी दिसायला लावणं हा त्यांचा धंदा. त्यामुळे गेल्या दसऱ्याला त्यांनी तलवारी आणल्या तेव्हा त्या अस्सल पोलादाच्या आणि जुन्या पद्धतीने पाणी दिलेल्या असणार, हे खोकं उघडण्याआधीच मला माहीत होतं. प्रत्येक खोक्यात भिंतीला टांगायचे दोन हूकही निघाले. ते अध्यक्षांनी गुपचूप खिशात घातले.

मी रोह्याच्या एका कंपनीत धातू तपासते. गाड्यांचे सुटे भाग येतात, त्यातला तुकडा कापायचा, आरशासारखा घासायचा, आम्लाचा हात फिरवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. पोलाद नीट तापलं का, नीट निवलं का, पोटात चीर आहे का, सगळं तिथे कळतं. यातले काही भाग सैन्याच्या गाड्यांना जातात, आणि त्यांत केसाएवढी चीर निघाली तर सगळा माल परत. म्हणजे खऱ्या लढाईच्या लोखंडाला एवढे नखरे, आणि खोट्या लढाईचं लोखंड मात्र कसंही चालतं. आळीत माझी ओळख ‘कंपनीत लोखंड घासते ती’ एवढीच आहे.

माहेर पेणचं. तिथे प्लास्टरच्या मुकुटावर सोनेरी रंगाचा ब्रश फिरला की मुकुट सोन्याचा होतो. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. गणपती तो मुकुट घालून कोणाशी मारामारी करत नाही. या तलवारींच्या मुठीवरही तोच रंग होता, फक्त कारागीर पेणचा नव्हता, नाहीतर जरा बरा बसला असता.

मी गप्प बसले असते. पण त्यातल्या दोन तलवारी माझ्या धाकट्या बहिणीच्या वाट्याला आल्या होत्या. तीही इथेच, दोन घरं सोडून राहते. नवरा गेल्यापासून ती घराबाहेर पडेनाशी झाली होती. मंडळाच्या बायकांनी तिला ओढून तलवारबाजी शिकायला नेलं. काठीवर शिकता शिकता तिचा हात असा बसला की शिकवणाऱ्याने तिला पथकाच्या पुढे उभी केली. पथकाबद्दल काय सांगायचं? नऊवारी, फेटा आणि डोळ्यांवर गॉगल. गॉगल कुठल्या लढाईत लागत होता, हे विचारल्यापासून त्या बायका माझ्याशी धड बोलत नव्हत्या. बहीण मात्र पुन्हा माणसात आली होती, नीट जेवत होती, हे मला दिसत होतं. देवीच्या मिरवणुकीत ती सगळ्यांच्या पुढे चालत दोन्ही हातांनी डोक्याभोवती तलवारी फिरवणार होती. रस्ता अरुंद, दुतर्फा माणसं, आणि पुढच्या रांगेत मांडी घालून बसलेली पोरं.

मी तिच्या दोन्ही तलवारी घरी आणल्या आणि एकीच्या मुठीच्या टोकाचा नट फिरवला. मूठ निघाली. खऱ्या तलवारीचं पातं मुठीच्या आतून शेवटपर्यंत जातं, पातं आणि दांडा एकाच पोलादाचा. इथे पातं मुठीच्या तोंडाशीच संपलं होतं आणि त्याला बोटाएवढी बारीक, नटासाठी आटे पाडलेली सळई वेल्डिंगने चिकटवली होती. वेल्डिंग असं की आमच्याकडे शिकाऊ मुलाने केलं असतं तर त्याला परत झाडू मारायला पाठवलं असतं. मी जोडावर डिझेल लावलं, थोड्या वेळाने कोरडं पुसलं आणि वरून रांगोळी भुरभुरली. चिरेत शिरलेलं डिझेल रांगोळीने वर ओढलं आणि जोडाच्या अर्ध्या अंगाला काळपट ओली रेघ उमटली. दुसऱ्या तलवारीचंही तेच झालं.

बहिणीला बोलावून दाखवलं. जोरात फिरवलीस तर पातं मुठीतून सुटून लोकांत जाईल, हे सांगितलं. तिने रेघेकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

“तुला सगळ्यातच खोट दिसते, ताई.”

“हाय म्हणून दिसते गो.”

ती निघून गेली.

मग मी अध्यक्षांकडे गेले. त्यांनी चहा दिला आणि शास्त्र वेगळं, संस्कृती वेगळी, असं मला समजावून सांगितलं. फारच काळजी वाटत असेल तर मुठींना भगवी रिबीन घट्ट गुंडाळू, म्हणाले. रिबिनीने पोलादाचा जोड पक्का होतो हा शोध लागला असेल तर आमची कंपनी भट्ट्या उगाच पेटवते, एवढं बोलून मी उठले. संध्याकाळपर्यंत आळीत बोलणं सुरू झालं की बहिणीला मान मिळाला म्हणून थोरलीच्या पोटात दुखतंय.

दसऱ्याला सकाळी मंडपात तलवारींची पूजा मांडली. ही हौसही अध्यक्षांचीच, त्यांना फोटो हवे होते. लाल कापडावर तलवारी, वर झेंडू, आपट्याची पानं, प्रत्येक पात्याला हळदकुंकू. रिबिनी होत्याच. आरती झाली आणि मी आळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या शेतकरी काकांना सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, की पुजलेलं हत्यार त्याच दिवशी चालवायचं का?

“नाय चालवायचं,” काका म्हणाले. “आज आम्ही इळा पण हातात नाय धरत.”

झालं. सगळ्या माना डोलल्या. शेतावरच्यांची कोयती-विळे घरी पुजून ठेवलेले होते, कंपनीवाल्यांची यंत्रं हार घालून बंद होती, आणि पथकातल्या बायकांच्या घरची शिवणयंत्रंसुद्धा झाकलेली होती. अध्यक्षांना आता पूजा खोटी म्हणता येईना. पूजेचे फोटो त्यांनी स्वतःच सगळीकडे पाठवले होते. तलवारी फिरवायच्या नाहीत, नुसत्या खांद्याशी उभ्या धरून चालायचं, असं ठरलं. सूक्ष्मदर्शक, आम्ल, डिझेल, माझी सगळी नोकरी यांनी जे जमलं नाही ते चिमूटभर हळदीने जमलं. गाडी पुजून लगेच लिंबावरून पुढे नेतात, हे नशिबाने कोणाला आठवलं नाही.

मिरवणूक निघाली. बहीण सगळ्यांच्या पुढे, दोन्ही तलवारी खांद्याशी उभ्या. ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला तिची मनगटं नकळत वळत होती आणि ती त्यांना पुन्हा सरळ करत होती. मी कडेने चालत होते आणि स्वतःवर खूश होते. मंडळाला मी त्याच्याच हळदीकुंकवात बांधून टाकलं होतं.

घरी आल्यावर तिने तलवारी कोपऱ्यात ठेवल्या आणि फेटा सोडायला बसली. कोणाला काही झालं नाही ते बघितलंस ना, असं मी म्हटलं. ती फेट्याच्या घड्या घालत राहिली.

“इतकी वर्षं पोलादात काढलीस तू,” ती म्हणाली. “ही तलवार वाईट हाय, ते तुला लगेच कळलं. मला एक चांगली करून द्यावी, हे नाय सुचलं?”

मला राग आला. मग लाज वाटली, आणि ती रात्रभर गेली नाही.

दिवाळीनंतर मी कोलाडच्या रस्त्यावर एका लोहाराकडे ट्रकच्या कमानीचा जुना पाटा घेऊन गेले. किती तापवायचा, तेलात कधी बुडवायचा, मग पुन्हा किती शेकायचा, हे त्याच्या डोक्यावर उभी राहून करून घेतलं. तो वैतागला, पण त्याने केलं. पातं आणि दांडा एकसंध, धार मुद्दाम नाही. घरी आणून मी डिझेल लावलं, रांगोळी टाकली. काही उमटलं नाही. पुन्हा टाकली. तरी नाही.

बहीण ती घेऊन मागच्या मोकळ्या जागेत गेली आणि मला लांब उभं राहायला सांगितलं. तिने हात वर नेला, तलवार पहिल्यांदा फिरली, आणि मी डोळे मिटून घेतले. दुसऱ्याचं पोलाद तपासताना मला कधी भीती वाटली नव्हती. हे माझं होतं, आणि ते माझ्या बहिणीच्या डोक्याभोवती फिरत होतं.