वर दूध, खाली दारू

त्या सिनेमाचं खरं नाव आमच्या भागात कुणी घेत नाही. ‘दारूचा सिनेमा’ एवढं म्हटलं की म्हसवडपासून आटपाडीपर्यंत माणसं हसतात आणि मग माझ्याकडे बघतात. तो सिनेमा डोळ्यांनी पाहिलेले आता थोडे उरलेत, पण हसणं त्यांनी पोरानातवंडांच्या हवाली करून ठेवलंय. लग्नाच्या पंगतीत बसलो की कुणीतरी ओरडतंच, “पाव्हणं, दूध वाढू का?” मी म्हणतो, वाढ बाबा. वाद घालायचा कंटाळा आलाय.

गोष्ट मोठ्या दुष्काळानंतरच्या वर्षांतली. माझ्याकडे एक तीनचाकी टेंपो होता. माण तालुक्यातल्या एका मेंढपाळांच्या वस्तीवरनं सकाळी दूध उचलायचं आणि हद्द ओलांडून सांगली जिल्ह्यातल्या केंद्रावर पोचवायचं, हे माझं काम. वस्तीनं दुष्काळात वाचलेली मेंढरं विकून म्हशी घेतल्या होत्या. दूध गेलं तर चूल पेटणार, एवढा साधा हिशोब. सगळ्या वस्तीचा कारभार एका म्हाताऱ्याकडे, त्याला सगळे आबा म्हणत.

त्या साली सिद्धनाथाच्या यात्रेत तंबूचा सिनेमा आला आणि तंबूवाल्यानं हाच सिनेमा पडद्यावर लावला. हिरो हातभट्टीची दारू पोचवणारा. जीपमध्ये दुधाचे कॅन, कॅनमध्ये वर दूध आणि खाली दारूनं फुगवलेली रबरी ट्यूब. नाका दिसला की हा लांबलचक हॉर्न वाजवून पोलिसांना डिवचणार, जीप नदीत घालणार आणि पाणी उडवत पलीकडं निघणार. पोलीस काठावर उभे. तंबूत अशा शिट्ट्या पडायच्या की कापड फाटतंय की काय वाटावं.

यात्रा उठली, तंबू उठेना. हळदीकुंकवापासून तमाशापर्यंत हिरोची वाक्यं शिरली. न्हाव्याकडं पोरं ‘तसे’ केस मागायला लागली, गळ्यात लाल रुमाल आले. बैलाचं नाव हिरोच्या नावावरनं ठेवलेला एक गडी माझ्या ओळखीचा होता. तो बैलही नांगर टाकून पळायचा. खरे हातभट्टीवाले मात्र पूर्वीसारखेच सायकलीवरनं, गोणपाटाखाली माल नेत होते. त्यांना सिनेमा बघायला सवड नव्हती.

मला होती. दूध पोचवून दुपारी परत आलो की तंबूवाला माझ्या टेंपोवर कर्णा बांधायचा, बाजूला रंगवलेला फळा लावायचा. त्यावर हिरो, हातात दुधाचा कॅन. मी गावोगाव फिरून स्वतःच्या तोंडानं ओरडायचो, “वर दूध, खाली दारू! बघा, पोलिसाला कसा गंडवलाय!” बदल्यात रोज फुकट खुर्ची. एवढ्यावर थांबलो असतो तरी निभलं असतं. पण हद्दीवरच्या नाक्याचा हवालदार ओळखीचा, तर एकदा त्यालाही शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि वर कोपरानं ढोसून सांगितलं, “आता बघा हां, आता ट्यूब काढतोय.”

हवालदारानं नीट बघितलं. दुसऱ्या सकाळी त्यानं टेंपो अडवला.

“उतर रं खाली. कॅन उघड.”

“आवं हवालदार, रोजचं दूध हाय.”

“त्यो बी असंच म्हनत व्हता की!”

आणि त्यानं काठी कॅनमध्ये तळापर्यंत घातली. तीच काठी, जिनं नाक्यावरची कुत्री हाकायचा. एकेक कॅन ढवळून झाला. ट्यूब कुठली लागतेय! मग हे रोजचंच होऊन बसलं. मी उन्हात उभा, हवालदार ढवळतोय, मागं बैलगाडीवाले शिट्ट्या मारतायत. चैत्र लागला होता. केंद्रावर पोचेपर्यंत दूध आंबूस व्हायचं, तिथला माणूस वास घेऊन दोन-तीन कॅन परत द्यायचा. ते घेऊन वस्तीवर जाताना टेंपोपेक्षा मीच जास्त धापा टाकायचो.

आबाला काठीचं कळलं तेव्हा त्यानं हातातली चरवी खाली ठेवली. त्यांच्यात दुधाला काठी लागली की म्हैस आटते असं मानतात.

“काठीनं जनावर हाकत्यात, गड्या. दुधाला काठी लावत न्हाईत,” तो म्हणाला. “उद्याच्याला पुन्यांदा लागली तर दूध तुज्याकडं न्हाई. मला हितल्या बायांफुडं उभं ऱ्हायाचं असतंय.”

शहाण्या माणसानं फौजदाराला जाऊन हात जोडले असते. मी तो सिनेमा इतक्यांदा पाहिला होता की मला नदीच दिसली. नाक्याच्या अलीकडं रस्ता सोडायचा, माणगंगेच्या कोरड्या पात्रातनं जायचं, पलीकडं वर यायचं. हिरोची जीप चार चाकांची, माझ्या टेंपोला पुढं एकच चाक, हे ध्यानात आलं नाही. आणि सगळ्यात कहर म्हणजे, नाका तिरपा दिसायला लागला तसा माझा हात आपसूक हॉर्नवर गेला. चांगला लांबलचक वाजवला.

मग पुढचं चाक वाळूत बसलं.

हवालदार धावला नाही. चालत आला. सगळे कॅन ढवळून झाल्यावर घाम पुसत वाळूतच बसला. त्याचा चेहरा माझ्याहून उतरलेला.

“दूधच हाय की रं.”

“मग काय सांगत व्हतो?”

“मग पळालास कशाला?”

मी पुढच्या चाकाखालची वाळू हातानं उकरायला लागलो. दोघांनी टेंपो ढकलून पाहिला, हलला नाही. शेवटी शेतातनं एकाची बैलं आणली. टेंपो रस्त्यावर आला तेव्हा कॅनच्या झाकणाखालनं आंबूस वास येत होता. केंद्राकडं जाण्यात अर्थ नव्हता. मी वस्तीकडं वळलो.

आबानं एकेक झाकण उघडून पाहिलं. रागावला असता तर बरं वाटलं असतं. बाया गोठ्याच्या तोंडाशी येऊन उभ्या होत्या. कुत्री मात्र कधी नव्हे ते पोटभर दूध प्याली.

“उद्यापास्नं कॅन यष्टीच्या टपावर टाकतो,” आबा म्हणाला. “कंडक्टर व्हय म्हनलाय. यष्टीला कोन अडवत न्हाई.”

“आबा, उद्या मी नीट रस्त्यानं...”

“तू दमलायस. बस जरा.”

मी बाजेवर बसलो. आतनं चहा आला. सगळ्या वस्तीत त्या दिवशी दूध नव्हतं, चहा कोराच होता.