शिलाईवाल्या बाईंची कॅसेट

माझे मामा दिवसभर लोकांच्या रेडिओतली खरखर घालवायचे आणि संध्याकाळी तीच विकायला बसायचे. निदान मामींचं मत तसं होतं.

दुकानामागच्या खोलीत त्यांची कॅसेट कंपनी होती. कंपनी म्हणजे मामा, दोन टेपरेकॉर्डर आणि कुरकुरत पाकिटं चिकटवणाऱ्या मामी. जे संगीत दुसरं कुणी काढणार नाही, ते मामा काढायचे. पाण्याच्या पंपावर धरलेला ताल काय, बंद लिफ्टमध्ये लावलेला एकच सूर काय! बावीस वर्षांत तीस कॅसेटी निघाल्या. गल्ली त्यांना खरखरशेठ म्हणायची आणि मामा खुशाल ओ द्यायचे. नियम मात्र कडक होता: प्रत्येक प्रत पूर्ण ऐकल्याशिवाय पाकिटात जायची नाही. मीही पुष्कळ ऐकल्या आहेत आणि अजून बरा आहे.

एकतिसावी कॅसेट शिलाईवाल्या बाईंची. बाईंनी चाळीस वर्षं कारखान्यात कॉलरी शिवल्या होत्या. निवृत्तीनंतर त्या घरच्या मशीनवर शिवता शिवता त्याच्या लयीवर गुणगुणायच्या. मामांनी ते मशीनच्या आवाजासकट टेप केलं आणि हरखून गेले.

कॅसेट बाहेर पडली आणि चक्क पत्रं यायला लागली. एका मासिकाने लिहिलं, यातला संथपणा काळजाला भिडतो. लांबच्या एका दुकानाने आणखी तीनशे प्रती मागवल्या. मामांचे पाय जमिनीवर नव्हते.

मग एक दिवस बाई आल्या. त्यांनी कॅसेट काउंटरवर ठेवली.

"भाऊ, ही मी नाही. माझा हात इतका हळू कधीच नव्हता."

मामांनी ती दुसऱ्या टेपरेकॉर्डरवर लावली, मूळ टेपशी ताडून पाहिली आणि सरळ आपलंच मशीन उघडलं. प्रती ज्या टेपरेकॉर्डरवर काढल्या, त्याची मोटर त्यांनीच बदलली होती आणि ती जास्त वेगाने फिरत होती. त्यामुळे इतर कुठेही कॅसेट हळू वाजायची. मामांनी प्रती तपासल्या त्याही त्याच मशीनवर, मग चूक सापडणार कशी? आणि असलं संगीत विकत घेणाऱ्याला तर ती कळणारच नव्हती.

"पण लोकांना हीच आवडलीय, बाई," मामा चाचरत म्हणाले. "तीनशे मागितल्यात. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच."

बाईंनी उजवा हात काउंटरवर ठेवला. तो थरथरत होता.

"आता सुईत दोरा जात नाही. शिवणं संपलं माझं. माझा हात कसा चालायचा, ते आता एवढ्या टेपवरच राहिलंय. तुम्हीच ठरवा."

मामांनी त्या दुकानाला खरं काय ते कळवलं आणि योग्य वेगाची प्रत पाठवली. हिच्यात ती मजा नाही, असं म्हणून दुकानाने मागणी रद्द केली. तशी मागणी पुन्हा कधी आली नाही. मला तेव्हा मामांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू?

नवी प्रत द्यायला आम्ही दोघं बाईंच्या घरी गेलो. मामांनी कॅसेट लावली. शिलाईचं मशीन सुसाट धावायला लागलं. वळणावर क्षणभर थांबायचं, की पुन्हा सुटायचं. बाई डोळे मिटून ऐकत होत्या.

आतून त्यांची सून धावत आली, ओले हात तसेच.

"आई, अहो, पुन्हा मशीनवर बसलात? डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

बाई खुर्चीतच होत्या, दोन्ही हात मांडीवर ठेवून.