इन्क्युबेटरचं दार

उंदराचा गर्भ दोन पेशींचा असतो, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली साबणाच्या फेसातल्या चिकटलेल्या दोन बुडबुड्यांसारखा दिसतो. त्यातले काही पुढे वाढतच नाहीत. दिसायला ठणठणीत, पण थांबलेले. ते का थांबतात, हा माझ्या पीएचडीचा विषय. प्रयोगशाळेत पाऊल ठेवल्या ठेवल्या सीनियर बाईंनी दम दिला होता, की इन्क्युबेटरचं दार उगाच उघडायचं नाही. दार उघडलं की आतली ऊब जाते, हवा बिघडते आणि बरे चाललेले गर्भसुद्धा मान टाकतात. नवखी मुलं राहवत नाही म्हणून सारखी डोकावतात आणि आपल्याच हातानं प्रयोग मारतात. मीही मारले, मग शहाणी झाले. हवं तितकं घाबरायचं, पण डोकावायचं नाही.

आम्ही नवरा-बायको पुण्याजवळ जांबे गावात भाड्यानं राहतो. नवऱ्याचं ऑफिस हिंजवडीत, आमची माणसं सगळी परभणीकडे. घरमालकीण काकूंची भातखाचरं कधीच गेली, त्या जागी भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. काकू आता खाचरांऐवजी भाडेकरूंवर लक्ष ठेवतात.

मागे एकदा मला दिवस गेले होते. सोनोग्राफी करताना डॉक्टर बराच वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "वाढ थांबलीय." माझाच रोजचा शब्द, आणि तो ऐकून मी शहाण्यासारखी मान डोलावली. रडू घरी येऊन फुटलं.

यंदा पुन्हा दिवस गेले तेव्हा आनंद झाला की नाही, आठवत नाही. भीती तेवढी आठवते. तिसरा महिना सरेपर्यंत कुठे बोलायचं नाही, ही सासूबाईंची ताकीद मी एरवी हसण्यावारी नेली असती, यंदा मुकाट पाळली. गच्चीवर कपडे वाळत घालणं बंद केलं. काकूंनी चार दिवसांत हेरलं.

"जिना चढंना झालीयास. काय हाय का?"

"गुडघा दुखतोय, काकू."

"व्हय, दुखतोय म्हनं," एवढंच बोलून त्या गेल्या. दुसऱ्या दिवसापासून माझी कपड्यांची बादली त्याच वर नेऊ लागल्या.

तरुण संशोधकांच्या एका परिषदेत मला पहिल्यांदाच बोलायचं होतं. घरी नवऱ्यापुढे सराव करायचे. 'या टप्प्यावर गर्भ थांबतो' हे वाक्य आलं की मी थांबून पाणी मागायचे. नवरा पाण्याचा पेला हातात घेऊनच बसायचा. बिचारा.

सोनोग्राफीची तारीख मी काहीबाही सांगून पुढे ढकलत राहिले. सोनोग्राफीनं बाळाला काही होत नाही, हे मला पाठ आहे. दुसरी कुणी असं वागली असती तर मी तिला झापलं असतं. पण मनानं एकच धरलं होतं, दार उघडायचं नाही. बघितलं नाही तोवर ते वाढतंय. हा खुळेपणा माझ्या धंद्यातल्या बाईलाच सुचू शकतो.

मग एका सकाळी, नवरा ऑफिसला गेल्यावर, रक्ताचा डाग दिसला. फोन उचलला आणि कुणालाच न लावता खाली ठेवला. कॉटवर पाय जवळ घेऊन बसून राहिले. पाणी आल्याचं सांगायला काकू वर आल्या आणि माझा चेहरा बघून दारातच थांबल्या. मी सगळं सांगून टाकलं, त्या दारासकट.

"पोरी, तुजं मशीन तुला म्हाईत. मला त्यातलं कळत न्हाई," त्या म्हणाल्या. "पन मला लई भ्या वाटतंय. ऊठ, आपन जाऊ."

घाबरलेय असं त्यांनी कबूल केलं, म्हणूनच मी उठले असेन. रिक्षा हिंजवडीच्या ऑफिसच्या गर्दीत अडकली. बाहेर पाऊस झोडपत होता. प्रत्येक खड्ड्याला काकू माझ्या पोटापुढे हात आडवा धरत होत्या.

सोनोग्राफीच्या खोलीच्या दारात नर्सनं विचारलं, "बरोबर कोण आहे?"

"मी हाय," म्हणत काकू आत शिरल्यासुद्धा.

पोटावर गार जेल पडलं. डॉक्टर पडद्याकडे बघत होत्या आणि गप्प होत्या. मागच्या वेळी अशाच गप्प होत्या. मी डोळे गच्च मिटले. आयुष्यभर सूक्ष्मदर्शकात डोळे घालून बसायचं ठरवलेली मी, मला तेवढं बघवेना.

"काकू, तुम्ही बघा."

"मला काय कळतंय त्यातलं? समदं ढगावानी दिसतंय." त्यांनी माझा हात घट्ट धरला. मग म्हणाल्या, "हितं मधी कायतरी लुकलुकतंय गं. सारखं लुकलुकतंय. थांबतच न्हाई."

प्रयोगशाळेतल्या माझ्या डिशमधला एकही गर्भ हृदय धडधडू लागेपर्यंत जगलेला नाही. ती लुकलुक मी कधी बघितलीच नव्हती. भीती काही गेली नाही, पण मी डोळे उघडले आणि काकूंचा हात न सोडता बघत राहिले.