डोंगर विकाचा नाई

चंद्रपुरातल्या कपड्यांच्या मोठ्या दुकानात लागून मला दीड वर्ष झालं होतं. त्या उन्हाळ्यात नवा माल आला. टी-शर्टांवर उगारलेल्या मुठी, तुटलेल्या बेड्या, एकावर तर 'भांडवलशाही मुर्दाबाद'. मॅनेजर सरांनी खोकी फोडली आणि मला म्हणाले, "दर्शनी काचेत खरं आंदोलन उभं करू. बॅनर पाहिजे. तुझ्या गावात चालू आहे ना काहीतरी?"

चालू होतं. चामोर्शीच्या पलीकडे आमच्या गावामागच्या डोंगरावर खाण होणार होती आणि गाव पायथ्याशी मांडव घालून बसलं होतं. माझे वडील पहिल्या दिवसापासून. मांडवाला एक जुनी चादर बांधलेली. तिच्यावर गेरूनं लिहिलेलं, 'डोंगर विकाचा नाई', आणि खाली घराघरातल्या माणसांचे अंगठे. अक्षर माझंच, बारावीत असतानाचं.

रविवारी गावी गेले. "बाबा, ही चादर द्या. आमच्या दुकानात लावनार हायेत."

"काऊन?"

"लोकायले दाखवाले."

"मोठ्या दुकानात? म्हंजे लय लोकं पायतीन?"

"लय."

त्यांनी स्वतः गाठी सोडल्या, धूळ झटकली, चौघडी केली आणि मांडवातल्या बाकीच्यांना सांगितलं, "आपली गोष्ट चंद्रपूरले चालली."

चादर कशासाठी लागते ते मी सांगू शकले असते. पण सरांनी मला मजल्याची इन्चार्ज करायचं कबूल केलं होतं.

चादर काचेपेक्षा लांब निघाली. सर म्हणाले, "खालचं काप. ते डाग घाण दिसतात." मी कात्री लावली. ती पट्टी हातातच होती, तिनंच काच पुसली. काचेवर लाल ओघळ उठले, मग पाण्यानं पुन्हा पुसावी लागली.

आठवड्याभरात बाबा न कळवता आले. धुतलेलं धोतर, पायात नवी चप्पल. दारावरच्या गार्डनं अडवलं तेव्हा ते काचेकडे बोट दाखवत होते, "ते आमचं हाय." मी धावत गेले. काचेत चार पुतळे मुठी उगारून उभे, प्रत्येकाच्या गळ्यात किमतीचं लेबल. बाबांनी चादर वरपासून खालपर्यंत पाहिली.

"अंगठे कुठी गेले?"

"आत दुमडले, बाबा. जागा नोती."

"बरं केलं. खराब नाई होत."

तेवढ्यात सर आले. बाबा कोण आहेत हे कळल्यावर त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी बाबांच्या सदऱ्यावरूनच एक टी-शर्ट चढवला, त्यांना पुतळ्यांच्या मध्ये उभं केलं आणि म्हणाले, "भाऊ, एक घोषणा होऊन जाऊ द्या." गिऱ्हाइकांनी मोबाइल काढले. बाबांना वाटलं पेपरवाले आहेत. खाणीसाठी झाडं मोजायला आलेल्या माणसांपुढे लावायचे तसा आवाज त्यांनी लावला. दुसऱ्या वेळी कॉलेजच्या पोरांनी मागून साथ दिली, "विकाचा नाई!" आणि हसतहसत टाळ्या वाजवल्या. एक मुलगी म्हणाली, "काका किती क्यूट आहेत," आणि दोन टी-शर्ट घेऊन गेली. संध्याकाळपर्यंत रॅक रिकामा झाला, आणखी माल मागवावा लागला.

पण त्याआधी सरांनी मला खूण केली होती. "अंगावरचा काढून घे. जपून, लेबल तुटू नये." मी काढला. बाबा हात वर करून उभे राहिले.

बसस्टँडवर ते म्हणाले, "पोरी, किती लोकं होते! आपल्या घोषणेले ओ देऊन राह्यले होते."

"हो," मी म्हणाले.

त्यांनी गावात जाऊन हेच सांगितलं असणार. कारण पंधरा दिवसांनी मांडवातली नऊ माणसं सकाळच्या एसटीनं आली, बायाही होत्या, घोषणा द्यायला. तोवर पुतळ्यांच्या अंगावर लग्नाच्या शेरवान्या चढल्या होत्या. गार्डनं त्यांना फुटपाथवरच उभं केलं. सर म्हणाले, "एक म्हातारा पुरे होता. घालव त्यांना."

मी खाली गेले. म्हणाले, "तुमचं काम झालं. फोटो मुंबईले गेला."

शेजारच्या काकूनं माझा हात धरला. "मंग आता खान नाई होत ना?"

"नाई होत."

ती माणसं नळावर पाणी प्यायली आणि दुपारच्या गाडीनं परत गेली. जाताना काकूनं मला पदरातली चारोळी दिली.

दिवाळीत मी इन्चार्ज झाले. त्याच महिन्यात पोलिसांनी मांडव उठवला आणि डोंगरावरच्या झाडांना आरे लागले. बाबांचा फोन येतो. "त्या दुकानातल्या लोकायले सांगून पाय ना एक डाव. मोप लोकं होते ते."

"सांगतो, बाबा," मी म्हणते, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवते.