परसातला मांडव

आता कसं सांगू? नुसतं आठवलं तरी कान गरम होतात! हसणार नाही असं आधी कबूल करा, मग सांगते.

मार्गशीर्षाचे दिवस. लोणावळ्याला आमच्या परसात अण्णांनी भिंतीशी खांब रोवायला काढले. मदतीला तळेगावचे त्यांचे मित्र दामूकाका, हातात सुतळी घेऊन. आठ-आठ फुटांवर खुणा झाल्या, भिंतीला चुना लागला. कशासाठी, ते कोणी सांगेना! आई म्हणाली, "तुझ्या अण्णांनाच विचार." अण्णा म्हणाले, "कळेल." आणि दामूकाकांनी मला न्याहाळून विचारलं, "यमू, कितवीत गं तू?"

घरात उपवर मुलगी, परसात खांब, भिंतीला चुना आणि असा पाहुणा! तुम्हीच सांगा, काय समजायचं?

शेजारच्या सुशीने तर निकालच दिला. "मांडव! आमच्या ताईच्या वेळी अस्संच होतं."

"अगं, पण खांबांची एकच रांग आहे."

"दुसरी उद्या."

"आणि मध्ये आठच फूट?"

"पंगतीचे पाट मोजून ठेवलेत, वेडे!"

मला मॅट्रिक व्हायचं होतं हो! खांब रोवायला टाकव्याहून आलेल्या धोंडूभाऊंना हळूच विचारलं. ते म्हणाले, "लय खोल घालाया सांगितल्यात, ताई. धा वर्सं हलायचे न्हाईत."

मांडव दहा वर्षं कशाला लागतो, हा प्रश्न पडायला नको? नाही पडला! उलट वाटलं, केवढी ही घाई आणि केवढी ही हौस!

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले, तर खांबांना तारा ताणलेल्या. तोरणांसाठीच, दुसरं काय! वर्गात 'हजर' म्हणतानाही माझा आवाज फुटत नाही. पण त्या दिवशी दारातूनच ओरडले, "मला लग्न करायचं नाही! काढून टाका तो मांडव!"

अण्णांच्या हातात एक रोप होतं, ते तसंच राहिलं.

"अगं, ही अंजिरं आहेत!" अण्णा म्हणाले. "आठ फुटांवर एकेक लावायचं, फांद्या दोन्हीकडे पसरून तारांना बांधायच्या. भिंतीची ऊब मिळते, जागाही कमी लागते. गेल्या वर्षी द्राक्षाचा वेल वाळला तेव्हा तुझी आई किती हसली! म्हणून यंदा बोललो नाही."

कुठे तोंड लपवू, असं झालं मला. तेवढ्यात दामूकाका अण्णांकडे वळले.

"घरात लग्नाचं बघताय, याची मला काही कल्पना नव्हती हो. पण आता पोरीनंच विषय काढलाय म्हणून सांगतो, माझा एक भाचा आहे..."

आणि या गुपचूप उद्योगावर चिडून दोन दिवस दामूकाकांशी धड न बोललेली आई लगबगीने ओसरीवर आली. "बसा ना भाऊजी, चहा टाकते!"