लाटेवर उभे राहण्याची वयोमर्यादा

सुरूच्या जिवंत झाडाला खिळे ठोकून लावलेली ती पाटी मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. ‘सर्फिंग प्रशिक्षण. वयोमर्यादा बारा ते साठ वर्षे. आदेशावरून.’ आदेश कोणाचा, कोणत्या कायद्यान्वये आणि कोणत्या दिनांकाचा, याबाबत पाटीने मौन पाळले होते. मी तालुक्याच्या न्यायालयात बेलीफ होतो. लोकांच्या दारांवर नोटिसा डकवण्यात माझी नोकरी सरली. खाली सही-शिक्का नसलेला कागद मी कधी कोणाच्या कुंपणालासुद्धा लावला नाही. आणि आमच्या गडचिरोलीत झाडाला खिळा ठोकण्याआधी माणूस वनरक्षक कुठवर आला आहे ते पाहून घेतो. इथे आदेश निनावी होता आणि झाड बेवारस.

फाल्गुन चालू होता. घरी मोहाची फुले गळू लागली होती आणि आम्ही कोकणात होतो. चंद्रपूरहून निवृत्तांची एक बस सहलीला निघाली, तिच्यात चामोर्शीहून येऊन आम्ही दोघे चढलो. ज्या राज्याच्या एका टोकाला माझे अर्ज गहाळ होतात त्याच राज्याचे हे दुसरे टोक, एवढीच माझी या किनाऱ्याशी ओळख. समुद्र आम्ही दोघांनीही आधी पाहिला नव्हता.

माझी पत्नी आरोग्य केंद्रात परिचारिका होती. वय एकसष्ट. माहेर ब्रह्मपुरीकडचे, धानाचे. रोपांच्या रोवणीपूर्वी बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी भरून चिखल करतात आणि तो सपाट व्हावा म्हणून बैलजोडीमागे एक लाकडी पाटा आडवा ओढतात. पाट्याला वजन हवे म्हणून त्यावर कोणीतरी उभे राहते. लहानपणी ते काम तिचे होते. एका हातात बैलाचे शेपूट, पायाखाली सरकणारा पाटा आणि दोन्ही अंगांना फाकणारे पाणी. मग एका वर्षी तिच्या वडिलांनी तिला पाट्यावरून उतरवले, तू आता मोठी झालीस असे सांगितले आणि रोवणीच्या ओळीत बायकांबरोबर उभे केले. उभे केले हा शब्दप्रयोग चुकीचा आहे. रोवणी वाकून करतात. पुढे ती दवाखान्यातल्या खाटांवर वाकली, बाळंतिणींवर वाकली, आणि घरी चुलीपुढे वाकली ते वेगळेच.

पहिल्या संध्याकाळी तिने एका मुलीला फळीवर उभे राहून लाटेसोबत थेट वाळूपर्यंत येताना पाहिले. मग म्हणाली, “मले हे कराचं हाये. एकदाच उभं राहाचं. मंग घरी चला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या पाटीखाली हजर झालो. प्रशिक्षक तिशीतला, केसांचा अंबाडा बांधलेला, स्वभावाने सालस.

“काका, साठच्या वर आम्ही घेत नाही.”

“मी आपला काका नाही. आदेश दाखवा.”

“आदेश वरून आलाय.”

“वरून म्हणजे कोठून?”

त्याने खरोखरच वर पाहिले. वर एक घार होती.

“मालक पुण्यात असतात,” तो म्हणाला.

मी त्याला समजावून सांगितले की वयाच्या आधारे भेद करायचा तर त्याला काही वाजवी कारण लागते. साठाव्या वाढदिवसाच्या रात्री माणसाच्या गुडघ्यांत असा कोणता बदल घडतो, ते त्याने लेखी द्यावे. मी संविधानाच्या चौदाव्या अनुच्छेदापासून सुरुवात केली. एकविसाव्यावर येईपर्यंत ओहोटी लागली होती आणि जिथे लाटा फुटत होत्या तिथे खेकडे फिरत होते. न्यायालयात पक्षकार आला नाही तर पुढची तारीख मिळते. समुद्राने मला ती सवलत दिली नाही.

“झालं का तुमचं?” पत्नीने विचारले. ती वाळूत बसून होती. “पानी निंगून गेलं.”

तिसऱ्या दिवशी मालक दूरध्वनीवर सापडले. त्यांनी वैद्यकीय प्रमाणपत्र मागितले. गावातल्या डॉक्टरांनी पत्नीचा रक्तदाब तपासला, तिने त्यांच्या यंत्राचा पट्टा सैल झाल्याचे दाखवून दिले आणि त्यांनी आनंदाने ती तंदुरुस्त असल्याचे लिहून दिले. तो कागद वाचून दाखवल्यावर मालक म्हणाले, “सर, फिटनेसचा इश्यूच नाहीये. पॉलिसीचा इश्यू आहे.” मग प्रमाणपत्र कशाला मागितले, हे मी विचारत असताना संपर्क तुटला. मी जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे निवेदन लिहिले, प्रती पर्यटन खात्याला आणि बंदर खात्याला. टपाल कार्यालयाला कुलूप होते. गावात शिमग्याची पालखी फिरत होती आणि पोस्टमास्तरांचा खांदा तिच्या दांडीखाली होता. तोवर पुन्हा ओहोटी.

रात्री जेवताना आमच्या बसमधले ब्रह्मपुरीचे एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, “भाऊ, सुप्रीम कोर्टातई जाऊन पाहा. तवरिक वहिनी सत्तरच्या होऊन जातीन.”

सगळे हसले. पत्नीही हसली, पण भात तिने अर्धा टाकला.

चौथा दिवस शेवटचा. न्याहारीनंतर बस सुटणार होती. प्रशिक्षकाने सांगितले होते की येत्या आठवड्यात हंगाम संपून सर्फिंगची शाळा बंद होईल आणि पावसाळा संपल्यावर उघडेल. चामोर्शीहून इथवर माणूस दोनदा येत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. मी नव्या मुद्द्यांची जुळणी करत किनाऱ्यावर पोहोचलो, तर पत्नी माझ्याआधीच तिथे होती. सलवार-कमीज घालून, ओढणी कमरेला बांधून ती प्रशिक्षकाशी बोलत होती.

“भाऊ, तिथी फळ्या ठेवल्या हायेत, त्या कोनासाठी?”

“त्या भाड्याने देतो, काकू.”

“कोनालेई?”

“कोणालाही.”

“वय?”

“त्याला वयाची अट नाही,” तो हळूच म्हणाला, जणू हे त्यालाही आत्ताच कळत होते. “पण मग मला शिकवता येणार नाही. शिकवलं की ते प्रशिक्षण झालं.”

माझा संताप शब्दांत मावेना. एकसष्ट वर्षांच्या स्त्रीला शिकवून पाण्यात उतरवणे हा नियमभंग, आणि न शिकवता उतरवणे हा व्यवसाय. मी तोंड उघडले. पत्नीने माझ्याकडे पाहिले. मी ते मिटले आणि भाडे दिले.

प्रशिक्षक तिच्यासोबत कमरेएवढ्या पाण्यात गेला. सुरक्षा जॅकेट त्याने तिला चढवले, फळीचा दोर घोट्याला बांधला. हे भाड्यात येते, असे त्याने मला दोनदा ऐकवले. मग ओठ घट्ट मिटून उभा राहिला. शेजारच्या फळीवर एक स्थूल बँक अधिकारी रीतसर प्रशिक्षण घेत होते.

पहिली फेसाळ लाट आली. पत्नी फळीवर उठली आणि अगदी ती लहानपणी उभी राहत असेल तशीच उभी राहिली: दोन्ही पाय शेजारी शेजारी, अंग मागे रेललेले, उजवा हात पुढे, मूठ वळलेली. शेपूट हाती लागले नाही. ती पाठीवर पडली.

दुसऱ्या लाटेला तसेच, आणि पुढच्याही. प्रत्येक वेळी तो हात हवेत बैल शोधे आणि मग ती दिसेनाशी होई. प्रशिक्षकाचा चेहरा पाहवत नव्हता. शेवटी तो बँक अधिकाऱ्यांकडे वळला आणि साऱ्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “सर, मागे रेलू नका. एक पाय पुढे, एक मागे. गुडघे वाकवा.”

“मी अजून झोपलेलोच आहे,” अधिकारी म्हणाले.

“तरी लक्षात ठेवा, सर.”

पत्नीने नाकातले पाणी शिंकरले. मागून येणाऱ्या लाटांकडे ती थोडा वेळ नुसती पाहत राहिली. मग मला ओरडून म्हणाली, “पाट्याले बैल पुढून ओढते. इथी बैल मागून ढकलून राह्यला.”

तेवढ्यात बसचा भोंगा वाजला. वाजत राहिला. चालक आमच्याच जिल्ह्याचा, घाईचा माणूस. तो सुरूच्या झाडांतून खाली आला. “भाऊ, चला न. बाकीचे बसून हायेत. वहिनीले आवाज द्या.”

मी आवाज दिला नाही. मी खिशातून सहलीचे छापील वेळापत्रक काढले आणि त्याला विचारले की ‘न्याहारीनंतर प्रस्थान’ यातील न्याहारी म्हणजे कोणाची. प्रत्येक प्रवाशाची, की बहुसंख्यांची? माझ्या पत्नीने न्याहारी केलेली नाही. तिच्यापुरते प्रस्थान उद्भवतच नाही.

“काऊन डोकं खाऊन राह्यले, भाऊ?”

मी त्याला शर्तभंग आणि नुकसानभरपाई यांतला फरक सांगितला. तो पाण्याकडे जाऊ लागला तसा मी त्याच्या वाटेत उभा राहून हा फरक पुन्हा सांगितला. प्राध्यापक मदतीला आले आणि चुकीच्या बाजूने बोलू लागले, त्यामुळे आणखी वेळ मिळाला. माझी पाठ समुद्राकडे होती. अचानक चालक माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहू लागला.

मी वळलो. ती उभी होती. पाय मागे-पुढे, गुडघे वाकलेले, पाठ ताठ, आणि पांढरे पाणी तिला ढकलत थेट आमच्याकडे आणत होते. फळी वाळूत रुतली तेव्हा ती उतरली, फळी वळवली आणि कोणाकडेही न पाहता पुन्हा पाण्यात निघाली.

“बापा,” चालक म्हणाला. मग भानावर आला. “तरी टाईम होऊन राह्यला.”

“प्रश्न तत्त्वाचा आहे,” मी म्हणालो, आणि न्याहारीपासून पुन्हा सुरुवात केली. तो वाद मी हरलो. वेळापत्रकाच्या मागच्या बाजूला बदलाचे सर्व अधिकार राखून ठेवलेले होते. पण तेवढ्यात ती आणखी काही वेळा उभी राहिली आणि बरेचदा पडली.

बसमध्ये तिने सीटवर टॉवेल अंथरला आणि खिडकीपाशी बसली. घाट लागल्यावर मी कागद काढला. विषय : प्रशिक्षणास मनाई व फळी भाड्याने देण्यास मुभा, या घातक विसंगतीबाबत. मसुदा उत्तम जमत होता. तिने बाजूने वाचले.

“हे पाठवसान त काय होईन?”

“नियम दुरुस्त करणे त्यांना भाग पडेल.”

“कसा करतीन?”

मी विचार केला. चाळीस वर्षे मी सरकारी आणि खासगी आदेश दारोदार पोहोचवले आहेत. विसंगती दाखवून दिली की ते कोणती बाजू कापतात, हे मला विचारण्याची गरज नव्हती. ते फळी भाड्याने देणेही साठीला थांबवतील.

“दिवाळीनंतर उघडते म्हने शाळा,” ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली.

मी टोपण लावून पेन खिशात ठेवले.